सरकारचे हितचिंतक शिगवण अण्णा

शेजारच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट अजून धरलेला होता, शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं आणि शिगवण अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, उद्या ह्यांचं मोडलं तर सरकारला केवढ्याला पडंल?"

मी अक्षता टाकायच्या विसरलो. अण्णांनी त्या व्यवस्थित टाकल्या आणि टाकता टाकता खर्च मांडला. कोर्टातला पट्टेवाला, समुपदेशनाच्या बाई, पोलीसगाडीचं डिझेल, मूल झालं असेल तर त्याची संस्थेतली खाट. पंगतीत त्यांनी नवरदेवाला गाठून विचारलं, निदान कुकरला भात तरी लावता येतो का. येत नाही म्हटल्यावर, "शिकून घे. सरकारला स्वस्त पडतं."

हा माणूस खजिन्यात नोकरीला असेल असं कुणालाही वाटेल. अण्णा आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयात कंत्राटी क्षेत्रकार्यकर्ते होते. आईबाप नसलेलं, किंवा असून नसल्यासारखं मूल बालगृहासारख्या संस्थेत न जाता नात्यातल्या घरातच वाढावं, म्हणून सरकार त्या घराला दरमहा थोडी मदत देतं. अशी घरं शोधायची, गृहभेट द्यायची, अहवाल लिहायचा, हे अण्णांचं काम. संस्था हा शेवटचा मार्ग, असं कायद्यात म्हटलं आहे. त्या कायद्याची प्रत अण्णा तांदळाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून बाळगत आणि गावचे सरपंच, एसटीचे कंडक्टर, कोलंबी विकणाऱ्या बायका, ज्याला त्याला वाचून दाखवत. कोलंबीवाल्या बायका ऐकत. बाकीचे निघून जात.

एकदा बैठकीला आलेले वरचे साहेब म्हणाले, की घरोघर मदत वाटून सरकारवर बोजा पडतो. अण्णा मागच्या खुर्चीवरून उठले. एका मुलाला संस्थेत ठेवण्याचा खर्च सांगायला लागले. खाट, गादी, स्वयंपाकीण, अधीक्षक, अधीक्षकांच्या खोलीतला पंखा. साहेबांनी घड्याळ बघितलं. अण्णांनी विचारलं, "पहारेकऱ्याची शिट्टी धरलीत का, साहेब?" बैठक तिथेच संपली.

आता माझ्याबद्दल. मी त्याच कार्यालयात लिपिक. मदतीच्या प्रस्तावांतल्या त्रुटी काढणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. नावात एक वेलांटी चुकली तर मला लांबून वास यायचा. लोक मला काटेकोर म्हणत. खरं म्हणजे मी भित्रा. लेखापरीक्षक हे नाव निघालं तरी मी कपाटाची किल्ली चाचपतो. अण्णांचे अहवाल म्हणजे मला मेजवानीच. "उत्पन्नाचे साधन" ह्या रकान्यात ते लिहीत, 'परसात शेवगा, शेंगा बऱ्या धरतात.' मी लाल शाईने गोल करून परत पाठवी. ते पुन्हा तेच लिहून आणत, शेंगा वाढलेल्या असत.

जे सांगायचं आहे ते पुढेच आहे, आणि ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

लांज्याकडच्या एका वाडीतल्या दोन बहिणींचा प्रस्ताव आला होता, प्रांजल आणि आर्या. आई वारलेली. बाप मुंबईत कामाला म्हणून गेला, त्याचा पत्ता नाही. सांभाळत होती आत्या. तिला नवऱ्याने टाकलेली, काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. प्रस्तावाला घरासमोर पालकासह काढलेला फोटो लागतो. टाकलेली बाई पोरींच्या फोटोत नको, असं म्हणून आत्या दाराआड उभी राहिली. तिचा हात तेवढा बाहेर आला होता, आर्याच्या डोक्यावर.

एप्रिल महिना होता. एप्रिलमध्ये रत्नागिरीतला लिपिक सरकारी काम करतो, असा कुणाचा समज असेल तर तो परजिल्ह्यातला. पुण्या-मुंबईच्या साहेबांना हापूसच्या पेट्या कुणाकडून, किती, कोणत्या गाडीने, ही यादी माझ्याकडे असे. ते मी इतक्या चोखपणे करी, की एकाही साहेबाला डागी आंबा गेला नाही. त्या यादीखाली पोरींची फाइल गेली. मला ती जूनमध्ये सापडली तेव्हा मंजुरीची बैठक होऊन गेली होती.

मी फाइल उघडली, फोटो बघितला आणि माझं अंग हलकं झालं. मागची तारीख घालून शेरा मारला, 'पालक फोटोत दिसत नाही, फक्त हात दिसतो. त्रुटी.' अक्षर सुंदर आलं होतं.

अण्णा धावत आले. म्हणाले, हात दिसतो म्हणजे बाई आहेच की. मी त्यांना नियम दाखवला. दुसरा फोटो येईपर्यंत काजूचा कारखाना हंगाम संपून बंद झाला, आत्या तापाने पडली. घरात चूल पेटेना तेव्हा बालकल्याण समितीने पोरींना बालगृहात पाठवलं. मी त्या दिवशी दुपारी घरी गेलो आणि कधी नव्हे ते न जेवता परत आलो. एवढंच माझं प्रायश्चित्त.

आठ महिने अण्णा त्या फाइलीमागे हिंडले. प्रत्येक टेबलावर तेच, "पोरी घरी पाठवा, सरकारला स्वस्त पडतं." माझ्या टेबलावर मात्र ते हे म्हणत नसत. नुसते कागद ठेवून जात.

शेवटी आदेश निघाला. पोरींना पोचवायला मीही येतो म्हटलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं, पण कारण विचारलं नाही. आत्या अंगणातच उभी होती. प्रांजल पळत गेली. आर्या उंबऱ्याशी थांबली, आत बघितलं, आणि हात मागे बांधून विचारलं, "आत्या, बसू का?"

आत्या पुढे झाली. तिने पदराने जमीन पुसली. अण्णा घाईघाईने परसात गेले आणि बराच वेळ शेवग्याच्या शेंगा मोजत राहिले.

परत येताना फाट्यावरच्या शेडमध्ये आम्ही एसटीची वाट बघत होतो. भर दुपार, आम्ही दोघंच. मी सगळं सांगून टाकलं. आंबे, यादी, मागची तारीख. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

अण्णा पिशवीची गाठ सोडत-बांधत होते. म्हणाले, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"आवकेचा शिक्का एप्रिलचा, तुमची शाई जूनची. लाल रीफिल तुम्ही जूनमध्ये नवी आणलीत. आधीची गुलाबी उमटायची."

मी विचारलं, मग तक्रार का नाही केलीत.

"तक्रार घेऊनच तुमच्या घरी गेल्तो. म्हटलं, आधी तोंडावर सांगावी. तुम्ही नव्हता. वडील होते खाटेवर. मला म्हणाले, बसा, पोरगा येईल जेवणाच्या सुट्टीत. तोच मला भरवतो, दुसऱ्याच्या हातचं गिळवत नाय." अण्णा रस्त्याकडे बघत होते. "तक्रार दिली असती तर तुमची बदली झाली असती. गडचिरोली म्हणा, नंदुरबार म्हणा. पोरी काय त्यानं आधी येत नव्हत्या. मग मी आपला अहवाल लिहिला."

"माझ्या घराचा?"

"गृहभेट झाली म्हणजे लिहायला नको?"

त्यात काय लिहिलं होतं, ते मी विचारलं. सरकारी रकाना भरावा तशा भाषेत अण्णांनी सांगितलं.

"मूल घरातच असावे."

मी बावन्न वर्षांचा आहे. एसटी आली तेव्हा अण्णांनी माझी पिशवीही उचलली आणि कंडक्टरला सांगितलं, की ह्यांना जरा बसायला द्या.