उल्हास डॉक्टर आणि माझी खाट

उल्हास डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलत नाहीत. ते पाहतात गळ्याच्या खळगीत. आपण काय सांगून राहिलो याच्याशी त्याइले देणंघेणं नाही. ती खळगी किती आत जाते तेवढं पाहतात आन् मान हलवतात. ते नवीन शेजारी राहायले आले तेव्हा माझ्या सुनेले वाटलं, हा माणूस आपल्या गळ्यातल्या पोतीवर नजर ठेवून आहे. तिनं पोत पदराखाली झाकली. तर डॉक्टर अजूनच वाकून पाहू लागले.

मी अंजनगाव सुर्जीचा पानमळेवाला. दुसरीपर्यंत शिकलो, पुढं मास्तरचं आन् माझं पटलं नाही. पोराचं अकोल्यात जठारपेठेत हारफुलांचं दुकान आहे, म्हणून बुढी आन् मी इथी येऊन राहिलो. आमची आन् डॉक्टरची भिंत एक. डॉक्टर भातकुलीकडल्या शेतकऱ्याच्या घरचे, अमरावतीले शिकले, बोलणं अजून तिकडचंच. एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूचे डॉक्टर आहेत. ज्याच्या फुप्पुसानं हात वर केले, तेवढेच पेशंट त्यांच्याकडं. घरी एकटेच.

लोक विचारतात, कसे आहात? डॉक्टर विचारतात, "हवा जाऊन राहिली ना?" दूधवाल्याले तेच, नगरसेवकाले तेच. भाजीवाल्या बाईनं कोथिंबिरीच्या पन्नीले गाठ मारली का गाठ सोडायले लावतात. म्हणे तिले श्वास घेऊ द्या. पंक्चरच्या दुकानासमोर उभे राहून ट्यूबमध्ये हवा भरताना पाहतात, ते अगदी सिनेमा पाहिल्यासारखे. माझ्या नातीच्या लग्नात तर त्यांनी जेवण सोडून बँडातल्या पिपाणीवाल्याचा पिच्छा धरला. त्याच्या फुगलेल्या गालाकडे इतकं पाहिलं, का त्या बिचाऱ्याचा सूर चुकला आन् वरात मधातच थांबली.

इथपर्यंत ठीक होतं. मंग एक दिवस त्यांनी माझ्या पोराले बाजूला घेऊन सांगितलं, का काकाजी घोरतात. भिंतीतून ऐकू येते. घोरणं मधात थांबते, एकदा तपासून घ्या.

मी घोरत नाही. माझ्या बापानं कधी म्हटलं नाही, भावानं म्हटलं नाही. बुढी म्हणते, पण ती काहीही म्हणते. रात्रभर माझ्या बरगडीत कोपर मारायची तिले सवय आहे, आन् तिचा कोपर बसला का मी कूस बदलतो, इतकंच. मले राग आला. माझी खाट त्या सामाईक भिंतीले लागून होती, ती उचलून पार खिडकीकडं नेली. डॉक्टरसंगं बोलणं बंद. ते रोज विचारत, हवा जाऊन राहिली ना काकाजी, आन् मी हवेकडं पाहत निघून जाई.

त्याच हिवाळ्यात बुढीले ताप आला. मी काढा देऊन राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी ती दुकानात हार ओवत बसली होती आन् डॉक्टर गणपतीले हार घ्यायले आले. त्यांनी हाराकडं पाहिलंच नाही. बुढीची खळगी पाहिली आन् पोराले म्हटलं, गाडी काढ. मी मधात पडलो, म्हटलं साधा खोकला आहे, काढा सुरू आहे.

"काकाजी, भांडण मंग करू," डॉक्टर म्हणाले. "आपल्यापाशी लय वेळ हाय. काकूपाशी नाही."

दोन्ही बाजूचा न्युमोनिया. बुढीच्या तोंडात नळी घातली, मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर बुढी पालथी घातलेली. मी भांडायच्या तयारीतच गेलो होतो. डॉक्टरनं सांगितलं, उताणं ठेवलं का पाठीकडचं फुप्पुस दबते, ते मोकळं करून राहिलो. पानाची करंडी आम्ही अशीच पालटतो. खालची पानं दबून काळी पडतात. तेवढं मले समजते.

फुप्पुस सुधारलं, तर बुढीनं दुसराच घोळ घातला. झोपेचं औषध कमी केलं का ती घाबरून उठे, नळी ओढे, मशीनसंगं भांडे. हात बांधून ठेवायची पाळी आली. पुन्हा औषध वाढवावं लागे. डॉक्टर म्हणाले, ती शुद्धीत शांत राहिली तरच नळी काढता येईल. लांबत गेलं तर गळ्याले भोक पाडून नळी टाकावी लागेल. मशीन काही बरं करत नाही म्हणे, ते फक्त वेळ काढून देते.

मंग माझ्या खळगीकडं पाहत बोलले, "उद्या दुपारी पोटभर जेवून या आन् काकूपाशी झोपा."

"कावून?"

"तुमच्या घोरन्याची त्याइले सवय हाय."

"मी घोरत नाही."

"बरं. नका घोरू. नुसते झोपा."

सिस्टरनं खाटेले लावून खुर्ची दिली, डॉक्टरनं झोपेचं औषध कमी केलं आन् बुढीचा एक हात सोडला. मी ठरवलं होतं, टक्क जागं राहायचं आन् याइले खोटं पाडायचं. पण पिठलं-भाकर झाली होती, तथी गारवा होता, मशीनची एकसुरी फुसफुस होती. कवा डोळा लागला समजलं नाही.

समजलं ते बरगडीत कोपर बसला तेव्हा. सवयीनं कूस बदलायले गेलो आन् खुर्चीवरून खाली आलो.

उठून पाहतो तर बुढी डोळे उघडे ठेवून माझ्याकडं पाहून राहिली. घाबरलेली नाही. चिडलेली. तो चेहरा मी लग्नापासून ओळखतो. नळीवर हात गेला नाही. डॉक्टर म्हणाले, काकू, माझं बोट दाबा. तिनं दाबलं. ते हसले, मी त्याइले हसताना पहिल्यांदा पाहिलं. मंग भिंतीकडं तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. बुढीचा घोगरा पहिला शब्द, "अवो, लोकाइच्या दवाखान्यात तरी."

आता ती घरी आहे. डॉक्टरनं सांगितलेली माझी तपासणीही तिनं करून घेतली. तसं काही निघालं नाही. तपासणारा पोरगा माझ्या आवाजाबद्दल जे बोलला ते इथी लिहायची गरज नाही.

परवा डॉक्टर चहाले आले. बुढीले विचारलं, हवा जाऊन राहिली ना? मंग कप संपला तरी उठेनात. बुढीनं म्हटलं, डोळे लाल दिसतात, झोपत नाही का? ते तिलेच म्हणाले, माझ्याकडं पाहिलं नाही.

"दिवसभर मशीनचे श्वास ऐकतो काकू. घरी आलो का सारं चूप. आधी भिंतीतून काकाजीचा आवाज ये. वाटे, चला, एक मानूस तरी बिनमशीनचा श्वास घेऊन राहिला. मंग झोप लागे. खाट हलवली तवापासून काही ऐकू येत नाही."

ते गेल्यावर मी खाट उचलली आन् परत भिंतीले लावली, उशी त्या बाजूले. सुनेनं विचारलं, बाबा, इकडं कावून? म्हटलं, इथी वारा लागते. त्या भिंतीले खिडकी नाही, हे तिलेही माहीत आहे. बुढीनं फक्त उशी अजून थोडी भिंतीकडं सरकवली.

मी घोरत नाही, हे मात्र पक्कं.