बडे बाबूंच्या चिंध्या

झाडं ओळखणं ही फार सोपी गोष्ट आहे. लोक उगाच तिचा बाऊ करतात. ज्या माणसाने बालाघाटच्या एका सरकारी दफ्तरात चौतीस वर्षं फायली ओळखल्या, त्याही नुसत्या पाठीवरून, त्याला झाडं ती काय जड जाणार? झाड निदान एका जागी उभं राहतं. फाइल तेवढंही करत नाही!

म्हणून मुरुमटोल्याच्या डोंगरावर पर्यटकांसाठी तीन किलोमीटरची पायवाट तयार होते आहे आणि तिथे झाडांची माहिती सांगणारा एक वाटाड्या नेमायचा आहे, हे कळल्याबरोबर मी अर्ज टाकला. परीक्षा साधी होती. रविवारी सकाळी पायवाटेच्या प्रमुख रचना मॅडम सोबत चालणार, त्या बोट दाखवतील त्या झाडाचं नाव सांगायचं. बस्स. अर्ज दोनच आले होते. एक माझा, आणि दुसरा मुरुमटोल्याच्या गोदाबाईंचा. त्यांच्या अर्जावर सहीच्या जागी अंगठा होता. तो पाहिल्यावर मी घरी येताना पेढेच घेऊन आलो.

"कायचे पेढे?" गीताने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"नेमनूक झाली समज."

"कायची?"

"झाडं ओळखाची."

तिने पेढा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच थांबवला. "काहो, मागच्या साली आंगनात पपई म्हनून एरंडाले तीन महिने पानी घातलं ना तुमी?"

"ते रोप लहान होतं. लहानपनी सारेच सारखे दिसते," मी म्हणालो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला ही जागा हवी होती, आणि फार हवी होती. दफ्तरात मी बडे बाबू होतो. साहेबसुद्धा सही करण्याआधी एकदा माझ्या तोंडाकडे बघायचे. निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि या चौदा महिन्यांत मला घरात एकच प्रश्न विचारला गेला होता. "जरा सरकता का?" तोही हातात झाडू घेऊन. कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं आणि आपण ते सांगावं, यापलीकडे मला काही नको होतं.

तयारी मी पद्धतशीर केली. झाडांचं एक सचित्र पुस्तक आणलं. जंगलखात्याचा निवृत्त नाकेदार मोतीलाल, त्याला गाठलं. त्याचं सारं आयुष्य जंगलात गेलेलं. बुधवारी त्याला स्कूटरवर बसवून डोंगरावर नेलं. आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की एप्रिल महिना आहे! पुस्तकातल्या चित्रांत प्रत्येक झाडाला पान होतं, फूल होतं, फळ होतं. डोंगरावर नुसते खराटे उभे होते. दगड तापलेले, गवत जळलेलं, आणि जिकडे पाहावं तिकडे करडी खोडं. वाळवंटात आल्यासारखं वाटलं.

मोतीलाल मात्र रमतगमत चालला होता. "हा साजा. हा धावडा. हे पाहा बाबूजी, सालीले हात लावा. धावड्याची साल कशी गुळगुळीत लागते."

"हात कायले लावतो? तू फक्त नाव सांग," मी म्हणालो.

दफ्तरात आम्ही फायली कापडात बांधून ठेवायचो. त्या गाठोड्याला बस्ता म्हणतात. लाल बस्ता कोर्टाचा, पिवळा पेन्शनचा, हिरवा जमिनीचा. बस्ता पाहिला की आत काय आहे ते उघडायची गरज नाही. तीच पद्धत इथे लावायची मी ठरवली. आदल्या रात्रीच गीताच्या जुन्या साड्या फाडून सहा रंगांच्या चिंध्या तयार केल्या होत्या. लाल चिंधी म्हणजे मोह. पिवळी धावडा, हिरवी साजा, निळी चार, म्हणजे आपल्या चारोळीचं झाड, आणि पांढरी सालई. बिब्याला मुद्दाम फुलाफुलांची चिंधी ठेवली, कारण बिब्याचा चीक लागला तर अंगाला फोड येतात. ते झाड लांबूनच कळलेलं बरं.

मोतीलाल नाव सांगत गेला, मी गाठ मारत गेलो. एकूण बावीस झाडं. सगळं तासाभरात आटोपलं.

"आमच्या टायमाले असं नव्हतं जी," मोतीलाल एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी सात वाजता डोंगराच्या पायथ्याशी रचना मॅडम हजर होत्या. जबलपूरकडच्या, बोलणं हिंदी, पायात जाड बूट, हातात वही. गोदाबाई एका दगडावर बसल्या होत्या. साठीच्या असतील. लुगडं खोचलेलं, कडेला रिकामी टोपली. परीक्षेला टोपली घेऊन आलेला उमेदवार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"रामराम बाबूजी," त्या म्हणाल्या. "जरा लवकर आटपन ना? माहा मोह गळून राह्यला."

"पंधरा मिनिटांत होते, बाई. तुमी फक्त आयका," मी म्हणालो.

पहिला मान माझा ठरला. आम्ही तिघे चढायला लागलो. वळण घेतल्यावर माझी पहिली चिंधी दिसली आणि जिवात जीव आला. पण तिच्यामागे आणखी एक होती, मग आणखी दोन. मी बांधल्या होत्या बावीस. इथे तर चाळीसेक फडकत होत्या! क्षणभर मी चमकलो. पण बुधवारी उत्साहाच्या भरात जास्त बांधल्या असतील, असं समजून मी पुढे झालो. उत्साह हा माझा जुना गुण आहे.

मॅडमनी एका झाडाकडे बोट केलं. पिवळी चिंधी.

"धावडा," मी खणखणीत आवाजात सांगितलं. "इसकी साल गुळगुळीत, मतलब चिकनी होती है."

मॅडमनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. झाडाखाली मोहफुलांचा सडा पडला होता. पिवळसर, टपोरी, रसाने भरलेली फुलं. वासाने माझंच डोकं जड झालं. मॅडमच्या बुटाखाली दोन-तीन फुटलीसुद्धा.

"ये फूल?" त्यांनी विचारलं.

"हवा से आए होंगे. इधर हवा बहुत है," मी म्हणालो. झाडाची एक काडीही हलत नव्हती. गोदाबाईंनी खाली बसून ती फुलं पटापट टोपलीत भरायला सुरुवात केली.

पुढचं झाड. लाल चिंधी. आता चूक होणं शक्यच नव्हतं.

"हा मोह."

"फूल नहीं गिर रहे?"

"ये देर से गिरनेवाला है, मॅडम. हर दफ्तर में एक-दो ऐसे होते हैं."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या झाडाची साल कागदासारखी सुटत होती आणि बुंध्यावर डिंकाचा गोळा होता. सालईला डिंक असतो, हे मोतीलालने मला दोनदा सांगितलं होतं. पण चिंधी लाल होती! माझा चिंधीवर विश्वास होता. चौतीस वर्षांत बस्त्याने मला कधी फसवलं नव्हतं.

तिसऱ्या झाडाला निळी चिंधी होती. आता जरा माहिती देऊन छाप पाडावी, असं मनात आलं.

"ये चार. इसी से चारोली निकलती है, जो आप खीर में डालती हैं. इसकी डहाळी तोडून, मतलब तोडकर वास लीजिए," असं म्हणत मी एक डहाळी धरली.

तोच गोदाबाईंनी माझं मनगट पकडलं. पकड अशी, की बोटं आपोआप उघडली.

"हात नोका लावू, बाबूजी. बिबा हाय तो. तोंडाले हात लावसान त उद्या घरचे वळखनार नाई तुमाले."

"चिंधी निळी आहे," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

"क्या?" मॅडमनी वही खाली केली.

"कुछ नहीं. आगे चलिए."

पुढे फुलाफुलांची चिंधी दिसली आणि मी मोठ्याने ओरडलो, "थांबा! कोणी पुढे जायचं नाही. हा आहे बिबा!" मॅडमना हाताला धरून मी मोठा वळसा घ्यायला लावला. वळशात करवंदीची जाळी होती. माझी विजार फाटली, मॅडमच्या ओढणीचा कोपरा तिथेच राहिला. आम्ही ओरबाडलेल्या हातांनी पलीकडून बाहेर पडलो तेव्हा गोदाबाई त्याच झाडाला टेकून बसल्या होत्या आणि फुलं वेचत होत्या.

"बाई, उठा. फोड येतील," मी म्हणालो.

"कायचे फोड? माहा मोह हाय हा. माह्या सासूचा होता." त्यांनी वर बोट केलं. "अन् ते चिंधी माह्या लुगड्याची हाय. हे पाहा." त्यांनी पदर पुढे केला. तीच फुलं, तोच रंग. मग त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "का जी, तुमीच का ते चिंध्यावाले?"

मी फाटकी विजार झटकायला लागलो.

"गुरुवारपासून सारा टोला तुमाले शोधून राह्यला."

मग सगळं बाहेर आलं. मुरुमटोल्यात मोह गळायच्या दिवसांत प्रत्येक घर आपापल्या झाडाला चिंधी बांधतं. चिंधी असली की ते झाड त्या घरचं. खालचा पालापाचोळा झाडायचा त्यांनी, फुलं वेचायची त्यांनी, दुसऱ्याने एका फुलाला हात लावायचा नाही. यंदाचा मोह गळायला लागला म्हणून गुरुवारी पहाटे बायका टोपल्या आणि चिंध्या घेऊन वर आल्या, तर डोंगरभर परक्या चिंध्या! कुणीतरी रातोरात झाडं बांधून गेलं होतं. तेही मोहच नाही, तर सालई, साजा आणि चक्क बिबासुद्धा!

"आमाले वाटलं, बिबासुदा बांधते म्हनजे मोठा लोभी मानूस दिसते," गोदाबाई म्हणाल्या.

पण दुसऱ्याची चिंधी फेकून देता येत नाही, तो त्या घराचा अपमान होतो. म्हणून बायकांनी माझ्या चिंध्या सोडल्या आणि मालकाला सापडाव्यात म्हणून शेजारच्या निरुपयोगी झाडांना जपून बांधल्या. आपल्या मोहांना आपापल्या चिंध्या बांधल्या. ज्याच्या घरी जो रंग होता तो. पोरांनी हाताला लागतील त्याही इकडच्या तिकडे केल्या होत्या.

"अंकल," रचना मॅडम हळूच म्हणाल्या, "आपने निशान लगाए थे?"

मी मान हलवली. दुसरं करणार काय?

मॅडमनी वहीचं पान उलटलं आणि गोदाबाईंकडे वळल्या. "बाई, अब आप बताइए."

गोदाबाई टोपली डोक्यावर घेऊन चालायलाच लागल्या. चालता चालता हात बाजूला जायचा, खोडाला जरासा लागायचा आणि नाव निघायचं. "साजा. याची राख चुन्यावानी खाते. धावडा. कुऱ्हाडीचा दांडा याचाच. हे सालई, बाबूजीनं मोह केलती ते." बघायची त्यांना गरजच नव्हती. एका वळणावर तर त्या मॅडमशी सुनेबद्दल बोलत होत्या आणि मध्येच तीन झाडं सांगून झाली.

मी मागून चालत होतो. मला वाईट वाटलं. हसण्यावारी नेत नाही, खरंच वाईट वाटलं. या बाईचा अंगठा पाहून आपण कोणत्या तोंडाने पेढे आणले, असं झालं. आणि आता उद्यापासून पुन्हा तेच, जरा सरकता का.

खाली आल्यावर मॅडमनी गोदाबाईंचं नाव वहीत लिहिलं. पण गोदाबाईंनी हात जोडले.

"म्याडम, पंधरा दिवस मले जमत नाई. मोह सकाळीच गळते, तुमचे लोक बी सकाळीच येते. घरी फुलं येचाले कोनी नाई. लेक नागपूरले हाय, सून पोटुशी हाय."

मॅडम विचारात पडल्या. माझ्या मनात एकदम उजेड पडला. पंधरा दिवस! पंधरा दिवस कुणीतरी बदली लागणार! दफ्तरात बदलीवर आलेला माणूस पुढे कायम झाल्याची मला चार उदाहरणं माहीत होती. मी शर्ट खाली ओढला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"मॅडम, इतने दिन मैं कर सकता हूँ," मी म्हणालो.

गोदाबाईंचा चेहरा खुलला. "खरंच करसान बाबूजी? देव भलं करो तुमचं." त्यांनी डोक्यावरची टोपली उतरवली आणि माझ्या हातात दिली. "पहाटे पाचले या लागते. माहा मोह त हायच. अन् म्हातारा महागू यंदा लेकीकडं कटंगीले गेला, त्याचा मोह तुमीच बांधला हाय. त्याची चिंधी कोनी सोडली नाई. बांधलं का फुलं येचा लागते. चार दिवसांचे फुलं सडून राह्यले तिथं."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसू दाबत वहीत लिहीत होत्या. "बहुत अच्छी व्यवस्था हो गई," त्या म्हणाल्या.

घरी मी हे कसं सांगणार होतो कुणास ठाऊक. पण गीताने टोपली पाहिली, मी सांगितलेलं सगळं ऐकलं आणि पाच मिनिटं पोट धरून हसली. मग म्हणाली, "मले बी घेऊन चाला. लहानपनी आजीसंगं येचाले जाऊ. किती साल झाले." तिच्या चेहऱ्यावर तो आनंद पाहून मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आता आम्ही दोघं रोज पहाटे स्कूटरवर जातो. मी दोन्ही झाडांखालचा पाला झाडतो, गीता वेचते, मग मीही वेचतो. कंबर मोडते. दुसऱ्या आठवड्यात नागपूरचे दहा-बारा पर्यटक आले. पुढे गोदाबाई, खोडांना हात लावत, नावं सांगत. आमच्यापाशी सगळे थांबले.

एका चष्मेवाल्या बाईंनी मला विचारलं, "काका, हे कोणतं झाड आहे हो?"

मला विचारलं! चौदा महिन्यांनी कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं. मी टोपली खाली ठेवली, कंबर सरळ केली आणि दफ्तरातल्या आवाजात उत्तर दिलं, "मोह."

गोदाबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय." पर्यटकांनी फोटो काढले. गीता माझ्याकडे पाहून हसली.

"आणि हे बाजूचं?" त्या बाईंनी पुढे विचारलं.

मी पुन्हा खाली वाकलो. "ते गोदाबाईंच्या विभागात येतं," मी म्हणालो.