आयुधपूजेतला रोबोट

लढाऊ रोबोट कसा सजवायचा हे ज्यांना शिकायचं असेल, त्यांनी सरळ माझ्याकडे यावं. हसू नका! वय त्रेपन्न, म्हैसूरला हेब्बाळच्या कारखान्यात क्वालिटी विभागात सत्तावीस वर्षं, चष्म्याचा नंबर चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण ऑनलाइन मैदानात माझा रोबोट उतरला, की समोरचे तिन्ही रोबोट हातातलं काम टाकून फक्त माझ्याच मागे लागतात. का लागतात ते सांगतो, पण जरा दमानं.

मुळात मी या भानगडीत पडलो तो काव्यामुळे. काव्या माझी एकुलती एक लेक. गेल्या वर्षी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि आमचं बोलणंच आटलं. मी फोन करायचो. "जेवलीस?" "हं." "ऑफिस कसं आहे?" "ठीक." "बरं, ठेवू?" "हं." चाळीस सेकंदांत कारभार आटोपला! फोन ठेवल्यावर मी बराच वेळ उगीचच फोनकडे बघत बसायचो. बापाला किती बोचतं हे, पण सांगणार कुणाला?

मग एकदा कळलं, की ती आणि तिची मैत्रीण शरण्या दर रविवारी दुपारी चार ते पाच एक खेळ खेळतात. तिघांचा संघ करायचा, आपापले रोबोट सजवायचे आणि दुसऱ्या तिघांशी लढवायचे. खेळताना कानाला हेडफोन लावून एकमेकांशी सारखं बोलावं लागतं. तासभर बोलणं! त्यांचा तिसरा गडी नुकताच सोडून गेला होता. मी ताबडतोब अर्ज केला. दुसरं कुणी मिळेना, म्हणून तो मंजूरही झाला.

पहिल्याच दिवशी काव्याने नवशिक्यांसाठी असतो तो सल्ला दिला. "अप्पा, नीट ऐका. शस्त्र एकच लावा. आधी चांगली चाकं घ्या, मग बॅटरी, आणि उरलेल्या वजनात चिलखत. शंभर किलोपर्यंत चालतं, म्हणून शंभर भरायलाच पाहिजे असं नाही, अल्वा?" आमच्या घरच्या मराठीत कन्नड असं मिसळतं; अल्वा म्हणजे हो की नाही.

"मला शिकवतेस?" मी म्हणालो. "अगं, माझे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते!"

"पणजोबांच्या घोड्याला बॅटरी नव्हती, अप्पा."

मी ऐकलं नाही. तोफ लावली. तोफेला सोबत म्हणून करवत लावली. करवत एका बाजूला आली, तोल जायला नको म्हणून दुसऱ्या बाजूला हातोडा ठोकला. वरून जाडजूड चिलखत चढवलं. चाकांना आणि बॅटरीला वजन उरलं नाही, म्हणून दोन्ही लहानात लहान घेतली. रोबोट असा देखणा झाला, की दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तींच्या मागे चालवावा! फक्त तो चालायचा नाही. तोफ वळवली की बॅटरी संपायची, आणि बॅटरी संपली की समोरचे येऊन मला आरामात मोडून जायचे. सलग पाच रविवार सगळ्यांत आधी मीच बाद!

शरण्या ही आमची कप्तान. मंड्याची मुलगी, जिभेने गोड आणि निकालाला कडक. तिला मराठी येत नाही. ती कन्नडमध्ये बोलते ते मी इथे मराठीत सांगतोय. पाचव्या रविवारी ती म्हणाली, "अंकल, आयुधपूजेच्या दिवशी चार वाजता आपला बाद फेरीचा सामना आहे. तेव्हाही तुम्हीच पहिले बाद झालात, तर आम्ही दुसरा गडी बघतो. बेजार माड्कोबेडी." म्हणजे मनाला लावून घेऊ नका. घेतलं की हो मी लावून! काव्या एका शब्दाने मध्ये पडली नाही. सणालाही ती घरी येणार नव्हती, आणि आता माझा रविवारचा तासही चालला होता.

आयुधपूजेच्या सकाळी मी येलवालकडच्या माळिणीकडून शेवंती आणि फोडायला कोहळा घेऊन घरी आलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची ही शस्त्रांची पूजा, आमच्याकडे या दिवसाचा मान मोठा. माझी आई भागीरथीबाई, वय अठ्ठ्याहत्तर, तिने देवापुढे सगळी मांडणी केलेली होती. पणजोबांची तलवार, विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, मिक्सर. आणि बरोबर मध्यभागी लाल कापडावर उघडून ठेवलेला माझा लॅपटॉप! हळद, कुंकू, गंध, शेवंतीची माळ, आणि सगळ्या बटणांवर भरघोस अक्षता.

"हा इथे कुणी ठेवला?" मी ओरडलो.

"तुम्हीच सांगत सुटलात ना गल्लीभर, माझं आयुध आता हेच म्हणून?" माझी बायको यशस्विनी मिक्सरला हळद लावत शांतपणे म्हणाली.

"आई, चार वाजता लागणार आहे मला तो!"

"पूजेला लावलेलं आयुध उद्या सकाळच्या पूजेपर्यंत हलवायचं नाही, वापरायचं नाही. पन्नास वर्षं बघतोयस, गोत्तिल्वा तुला?" ठाऊक नाही का, असं म्हणत आईने लॅपटॉपवर आणखी एक फूल ठेवलं.

मी विनवण्या केल्या. रुसलो. जेवणात होळगी, म्हणजे पुरणपोळी, एकच खाल्ली, त्याकडे कुणी लक्षही दिलं नाही. पावणेचार वाजले तशी माझी लाज गळून पडली. आईपुढे जाऊन बसलो आणि खरं ते सांगून टाकलं. "आई, आज मी खेळलो नाही तर काव्याच्या संघातून मला काढतील. तेवढा एकच तास माझी पोर माझ्याशी बोलते गं."

आईने हातातली फुलं खाली ठेवली. शेवटी काव्या तिची नात होती. "मला पण फोनवर हं हंच करते," ती हळूच म्हणाली. मग मान ताठ करून, "पण शस्त्र ते शस्त्र. आज चालवायचं नाही."

"सकाळी स्कूटर कशी चालवली मग? लिंबांवरून नेऊन, गल्लीला फेरी मारून आलो की!"

"ते वाहन. वाहनाची पूजा झाली की ते चालवायचंच असतं."

"मग माझ्या रोबोटलाही चाकं आहेत!"

आईने चष्मा लावला. "दाखव."

मी लॅपटॉप जागचा न हलवता, तलवार आणि मिक्सर यांच्या मध्ये मांडी घालून बसलो आणि खेळ उघडला.

"चाकं आहेत खरी," आई वाकून म्हणाली. "वरचं हे काय?"

"तोफ."

"काढ."

"आई!"

"काढ म्हणते ना. हे?"

"करवत. आणि तो हातोडा. पण मी लढू कशाने?"

"आज कुणी लढायचंच नसतं. सुम्मने, उगीच आपली एक फेरी मारून ये."

तिन्ही शस्त्रं उतरवून मी खेळातल्या कोठारात ठेवली. "ओळीनं ठेव," आई म्हणाली, आणि मी 'अगं अगं' करेपर्यंत तिने तिन्ही शस्त्रांना कुंकवाची बोटं लावली. म्हणजे माझ्या पडद्याला! मग चिलखत पाहून म्हणाली, "हे पण लढाईचंच." तेही उतरलं. रोबोट राहिला तीस किलोचा, आणि बॅटरी खाणारं काही उरलंच नाही. आईने लॅपटॉपपुढे चार लिंबं ठेवली आणि सामना सुरू झाला.

आमच्या खेळात शत्रू लाल ठिपक्यांनी दिसतात. शत्रू तीन. मला दिसत होते सहा! मी पुढे जाण्याचं बटण नुसतं दाबून बघितलं, तर रोबोट सुटला तो थांबेचना.

"अप्पा, तुमची तोफ कुठंय?" काव्या किंचाळली.

"पूजेत!"

"काय?"

"अंकल, कुठे चाललात? थांबा!" शरण्या ओरडली.

"थांबत नाहीये!"

समोरच्या तिघांनी पाहिलं, एक नागडा रोबोट सुसाट आपल्याच अंगावर येतोय. यात नक्कीच काहीतरी डाव आहे अशी त्यांची खात्री झाली आणि तिघंही माझ्या मागे लागले. मी लाल ठिपके चुकवत पळत होतो. त्यातले तीन तर असे निगरगट्ट, की जागचे हलतच नव्हते! त्यांना वळसे घालत मी मैदानाला अकरा चकरा मारल्या. दर वेळी मी अशा वेडगळ जागी वळायचो, की पाठलाग करणारे भिंतीवर आपटायचे.

"काव्या, त्यांना थांबवू नको!" शरण्याच्या डोक्यात अचानक प्रकाश पडला. "पळू दे!"

"पळा, अप्पा, पळा!" काव्या ओरडायला लागली. मी पुढे, शत्रू माझ्या मागे, आणि त्यांच्या मागून या दोघी! पहिला मोडला. दुसरा मोडला. तिसरा वळून बघेपर्यंत त्याचंही चाक उडालं. आम्ही जिंकलो! मी एकदाही बाद न होता!

"अंकल, हा काय डाव होता?" शरण्याचा आवाज आदराने भरून गेला होता.

मी चष्मा पुसला, घसा साफ केला. "घोडदळाची जुनी रीत आहे ती. शत्रूला आधी दमवायचं, मग..."

"कसली रीत!" आई हेडफोनच्या माइकमध्ये तोंड घालून म्हणाली. "बटणाखाली अक्षता अडकल्यात, म्हणून थांबत नव्हता तो. आणि माझ्या कुंकवाला घाबरून पळत होता मघापासून!"

पलीकडे काव्या जी हसत सुटली! लहानपणी हसायची तशी, श्वास अडकेपर्यंत. "आज्जी, परत सांग! आज्जी, पहिल्यापासून सांग!" आईने पहिल्यापासून सांगितलं, मी होळगीवर रुसलो त्यासकट. मी तिथेच अक्षतांमध्ये बसून ऐकत राहिलो. मला फार बरं वाटलं, उगीच कशाला लपवू?

शरण्याने निकाल दिला. संघातली माझी जागा पक्की. अट एकच: यापुढे माझ्या रोबोटला तोफ, करवत, हातोडा, साधी टाचणीसुद्धा लावायची नाही.

तेव्हापासून दर रविवारी चार ते पाच माझी लेक माझ्याशी बोलते. पुरा तासभर, मिनिटही कमी नाही! काय बोलते म्हणाल, तर "पळा, अप्पा, पळा!" एवढंच बोलते.