वाघ गाळणारा रेडिओ

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. घाबरू नका, सध्या तो झोपलाय. त्याच्या गळ्यात वनखात्याने एक पट्टा अडकवला होता. पट्ट्यातून रेडिओवर सतत टिकटिक जायची. वाघ जवळ आला की टिकटिक मोठी. लांब गेला की बारीक.

सखू सशिणीचा सगळा जीव त्या टिकटिकीत. पिल्लांना पाण्यावर न्यायचं तर आधी रेडिओ ऐकायचा. हा रेडिओ कॉम्प्युटरवर चालायचा आणि कॉम्प्युटर साळिंदर अण्णा चालवायचा. पाठीवर एवढे अँटेना आहेत म्हणजे शिकलेलाच असणार, असं सगळे धरून चालले होते.

"अण्णा, टिकटिक खरखरीत बुडतेय हो."

"गेन वाढवू. म्हणजे बारीक आवाजही मोठा होतो."

अण्णाने गेन पार वर नेला. खरखरही वर गेली. शिवाय तालुक्याच्या स्टेशनवरचे कांद्याचे भाव मध्येच ओरडायला लागले. सखू दचकून बिळात शिरली. ती कांद्यालाही दचकते.

"बरं, उतरवतो. त्यापेक्षा खरखर गाळूनच टाकू. आधी यंत्राला नुसती खरखर ऐकवायची. आत्ता जे ऐकेल ते पुढे गाळेल. गप्प बसा सगळे."

सगळे श्वास रोखून बसले. सखूचे कान उभे राहिले.

"अण्णा, यात टिकटिक पण येतेय."

"वाघ झोपलाय ना पलीकडे. तुला काय गं, पाचोळाही ऐकू येतो. नमुना बिघडवू नकोस."

यंत्र शिकलं. त्याने खरखर गाळली. टिकटिकही गाळली.

"देवळात बसल्यासारखं वाटतंय," माकड हेडफोन लावून म्हणालं. मग सगळ्यांनी रांग लावून शांतता ऐकली.

"म्हणजे वाघ लांब गेला?" सखूने विचारलं.

"इतका लांब तो आजवर गेला नव्हता," अण्णा म्हणाला.

सखू पिल्लं घेऊन पाण्यावर निघाली. वाटेत पाचोळा वाजला. सखू दचकली आणि पिल्लांना पुढे घालून जी पळाली ती थेट बिळात. पाचोळ्यामागे वाघच होता.

उपाशी वाघ तसाच अण्णाकडे आला. "लांब कोण गेलंय म्हणे?"

अण्णाने हेडफोन पुढे केले. वाघाने ऐकलं.

"यात मी कुठे आहे?"

"नाही साहेब. गाळलात तुम्ही. म्हणजे आम्ही गाळलं."

वाघ बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. "सुंदर सेटिंग आहे," तो म्हणाला. "आता याला कुणी हात लावायचा नाही."

तात्पर्य: रेडिओ नीट लागलाय की नाही, हे नेहमी वाघाला विचारावं. त्याचं कौतुक मनापासून असतं. पाचोळ्याला दचकणाऱ्या बाईला खुशाल हसावं. फक्त ती पळाली, की हसणं पळता पळता करावं.