आठ दिवसांचं लोणचं

शनिवार, १० जानेवारी १९५९. दुपारचे साडेचार वाजले होते, मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते, आणि दारावर टकटक झाली नाही.

तीन वर्षांत पहिल्यांदाच झाली नाही. दादरच्या भाजीबाजारामागच्या आमच्या इमारतीत प्रत्येक घराचं घड्याळ आपापली वेळ दाखवी; पण शनिवारी आजगावकर मामांची टकटक आली की मी उठून आमचं घड्याळ साडेचारवर आणत असे. दार उघडावं तर मामा उभे. अंगात पितळी बटणांचा पांढरा कोट, डाव्या मनगटावर घडी घातलेला रुमाल, उजव्या हातात काचेची बरणी आणि बरणीत मुळ्याचं लोणचं.

"गेल्या शनिवारची आणा, बाई."

मी जुनी बरणी आणून देई. मामा ती उजेडाकडे धरून बघत. तळाशी दोन चकत्या जरी राहिल्या असल्या तरी म्हणत, "मुदत संपली," आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या चकत्या दाराशी ठेवलेल्या आमच्याच केराच्या बादलीत टाकत. मग नवी बरणी माझ्या हातात. दुसऱ्याच्या घरी येऊन लोणचं फेकणारा माणूस मी जन्मात हा एकच पाहिला. आणि असं ते अकरा बिऱ्हाडांत करत.

मामा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. एकतीस वर्षं बोटीवर बटलर होते. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "वेळ गावलो नाय. बोट सुटत होती." पंचावन्न साली बोट सोडून आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले ते एक लोखंडी पेटी आणि एक फ्रीज घेऊन. कुठलासा साहेब विलायतेला परत जाताना तो विकून गेला होता. चार हमालांनी तो जिन्यावरून वर चढवला, तेव्हा आम्ही सगळे वरातीला उभं राहावं तसे गॅलरीत उभे होतो. त्या संध्याकाळी मामांनी बटण दाबलं आणि साऱ्या इमारतीचे दिवे क्षणभर पिवळे पडले. आमच्या इमारतीतला, बहुधा गल्लीतलाही, तो पहिला फ्रीज. मामा त्याला 'मॅडम' म्हणत. "मॅडमचं दार दिवसातून दोनदाच उघडायचं. तिला वारा लागतो."

मी भावुक बाई नाही. शाळेत मुलींना गणित आणि शास्त्र शिकवते, घरी चार माणसांचं करते. स्वप्नं बघायला मला सवड नाही. पण मामांच्या खोलीत गेलं की काहीतरी वेगळं होई हे कबूल करायला हवं. खिडकीला त्यांनी निळं कापड लावलेलं. दुपारी सगळी खोली पाण्याच्या तळाशी असल्यासारखी दिसे. कोपऱ्यात मॅडमची घरघर. मामा बोट वर करून म्हणत, "ऐका. चालली." आणि मला खरोखरच पायाखालची फरशी हळूच एका बाजूला कलल्यासारखी वाटे. खाली भाजीवाल्यांचा कालवा दूर दूर जाई, जणू आपण बंदर सोडलं. मी दर वेळी मनाशी म्हणे, सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून होतं असं. एकदा मुद्दाम जेवून गेले. तरीही झालं.

लोणच्याची कृती सोपी होती आणि मामा ती कुणालाही सांगत. शुक्रवारी संध्याकाळी बाजारातून कोवळे मुळे आणायचे. पोस्टकार्डाच्या जाडीच्या चकत्या करायच्या. मीठ लावून अर्धा तास निथळत ठेवायच्या, म्हणजे "त्यांचा राग जाता." माहीमच्या एका ख्रिस्ती बाईकडून आणलेला माडाचा शिरका, साखर, मीठ आणि काळी मिरी एकत्र उकळून गार करायचं. बरणीत चकत्या, दोन हिरव्या मिरच्या, थोडी मोहरी आणि रंगासाठी बिटाची एकच फोड. वरून शिरका ओतायचा आणि रात्रभर मॅडमच्या स्वाधीन करायचं. सकाळी दार उघडलं की आत अकरा बरण्या ओळीने गुलाबी झालेल्या. तो रंग मी एरवी फक्त पहाटेच्या आभाळात पाहिला आहे, तोही परीक्षेचे पेपर तपासायला उठल्यामुळे.

या लोणच्याला इमारतीत एकच शत्रू होता. तळमजल्यावरच्या लिमये काकू. त्यांच्या माळ्यावर सात वर्षांपूर्वीचं लिंबाचं लोणचं होतं आणि ते त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं दाखवत.

"एका रात्रीत होतं त्याला लोणचं म्हणत नाहीत, कोशिंबीर म्हणतात," काकू ठणकावत. "आणि तो शिरका! माडीचा सख्खा भाऊ!"

मामा शांतपणे विचारत, "काकू, लोणच्याक म्हातारा कित्याक करूचा? तरणा आसताना खावा."

"इश्श!" काकू म्हणत. पण बरणी घेत. "ह्यांच्यासाठी हो. मी नाही शिवत." काकांना दात नव्हते. ते मुळा खाणार कसा, हा प्रश्न आम्ही कुणी विचारला नाही. काकूंची बरणी मात्र दर शनिवारी घासूनपुसून, रिकामी परत येई. मामांना तिच्यात फेकायला एक चकती कधी मिळाली नाही.

छप्पन साली मुंबईसाठी शहर पेटलं, कर्फ्यू लागला, तेव्हाही मामांची फेरी चुकली नाही. बाहेर रस्ता मोकळा, टाळक्यात गोळी बसेल म्हणून कुणी खिडकीतूनही डोकावत नव्हतं. आमचे हे सभेहून घरी आले नव्हते. बरोबर साडेचारला टकटक. दारात मामा, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"अहो मामा, कर्फ्यू आहे!"

"कर्फ्यू रस्त्यावर हा, बाई. जिन्यावर नाय."

त्या दिवशी त्यांनी जुन्या चकत्या फेकल्या नाहीत. सकाळपासून बाजार बंद होता, घरात भाजीचं पान नव्हतं, हे त्यांना न सांगता कळलं होतं. नवी बरणी ठेवून, "साहेब येतले, जिना चढताना चप्पल वाजता त्यांची, माका वरसून ऐकू येता," एवढं बोलून पुढच्या दाराकडे गेले. हे रात्री सुखरूप आले. चप्पल वाजली होती की नाही, माझं लक्ष नव्हतं.

मामा कुणाच्याही घरात बसत नसत. बोटीवर पाशिंजरांसमोर बसायचं नाही, ती सवय. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या पाच-सात मिनिटं. पण तेवढ्यात सगळं पाहून घेत. "खिडकीची कडी सैल झाली हा." "बाळाक दुसरो दात इलो." "बाई, आज तुमचा कपाळ दुखता." मी म्हणे, नाही हो. मग दार लावल्यावर लक्षात येई की खरंच दुखतंय.

आता माझ्या अक्कलहुशारीकडे येते.

ते केराच्या बादलीतलं लोणचं मला सोसेना. अन्न फेकणं मला सोसत नाहीच, पण कारणाशिवाय फेकणं मुळीच नाही. आठच दिवस का? गेल्या डिसेंबरात मी एक प्रयोग केला. बरणीतल्या निम्म्या चकत्या वाटीत काढल्या, वर झाकण ठेवलं आणि वाटी माठाशेजारी पाण्याच्या परातीत लपवली. मामांना रिकामी बरणी दिली. दर तीन दिवसांनी एक चकती खाऊन बघितली. बाविसाव्या दिवशीही ती दाताखाली कुरकुरली. वास नाही, बुरशी नाही, चव उलट मुरलेली.

मला शोध लागल्याचा आनंद झाला, आणि मी तो स्वतःपाशी ठेवला नाही. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी गॅलरीत बायका जमल्या होत्या, मामाही जिन्यात उभे होते. मी प्रयोग सांगितला आणि योजना मांडली. मामा साठी उलटलेले, दर आठवड्याला अकरा बिऱ्हाडांचे मुळे चिरतात, तीन मजले चढउतार करतात. त्यापेक्षा प्रत्येकीने एक मोठी बरणी द्यावी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामा ती भरून देतील. महिनाभर पुरेल. फेकाफेक नाही, मामांना विश्रांती.

"शाळेतल्या बाई त्या शाळेतल्या बाई," काकू म्हणाल्या. ती स्तुती होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऑलराईट." आणि वर गेले.

तीन जानेवारीला त्यांनी अकरा मोठ्या बरण्या भरून दिल्या. आणि दहा तारखेला, मी तांदूळ निवडत असताना, कुणीच आलं नाही.

पाच वाजता मी सूप बाजूला ठेवलं. माणूस आजारी असला तर बघायला हवं, एवढाच विचार करून वर गेले.

दार उघडं होतं. निळ्या कापडातून ऊन आत आलेलं, मॅडमची घरघर चाललेली. मामा मधोमध स्टुलावर बसले होते. अंगात पांढरा कोट, सगळी बटणं लावलेली. मनगटावर रुमाल. हात गुडघ्यांवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"मामा, बरं नाही का?"

"बरा आसा."

"मग कोट कशाला घातलात?"

"शनिवार ना आज."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. ते घड्याळावरची नजर न काढता हळू आवाजात बोलू लागले, झोपेत बोलावं तसे.

"पाच वाजून धा मिनिटां. आता मी काकूंच्या दारात. काकू दार अर्धाच उघडतंत. म्हणतंत, ह्यांच्यासाठी हो. मग इचारतंत, मामा, गुडघ्याक काय लावू? मी म्हणतंय, एरंडेल." थोडा वेळ थांबले. काकूंना बोलायला वेळ देत असावेत. "साडेचाराक तुमच्याकडे होतंय. तुम्ही कायतरी निवडत होतात. डाळ, नायतर तांदूळ."

"तांदूळ," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मला क्षणभर वाटलं की ते खरंच येऊन गेले. मीच दार उघडलं नाही. पायाखालची फरशी कलली. पोट भरलेलं होतं माझं.

शेवटी मी शास्त्राच्या बाईसारखं विचारलं, "मामा, ही आठ दिवसांची मुदत कुणी ठरवली?"

"मी."

"बोटीवर किती दिवस टिकायचं हे?"

"लंडनपर्यंत." आणि जरा ओशाळून, "आणि परत येईसर."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"एकतीस वरसां टेबल लावलंय, बाई. कोण साखर किती घेता, कोणाक रात्री झोप येना नाय, सगळा शिकान घ्यायचंय. आणि शिकान झाला की बंदर येई. सगळी पाशिंजरां उतरत. परत नवी. हयसर..." त्यांनी खाली, इमारतीच्या पोटाकडे हात केला. "हयसर कोण उतरणा नाय."

बोलण्यासारखं होतं ते मी डिसेंबरच्या रविवारी बोलून बसले होते. "येते," म्हटलं आणि खाली आले. स्वयंपाक केला, पेपर तपासले. माझी योजना चोख होती. हिशेबात कुठेही चूक नव्हती. एवढी चोख योजना आपण एका म्हाताऱ्या माणसाविरुद्ध रचली, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी घागर घेऊन तळमजल्याच्या नळावर गेले. सात-आठ बायका रांगेत होत्या, काकू पुढे. मी आयुष्यात मुलींना एकच गोष्ट निक्षून शिकवली आहे: प्रयोगाचं जे दिसेल तेच लिहायचं.

"काकू," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझा प्रयोग फसला. मोठ्या बरणीतलं लोणचं बिघडलं. वर पांढरी बुरशी आली आहे. मामा म्हणतात तेच खरं, आठ दिवसांवर ते टिकत नाही."

नळाखाली काकूंची कळशी भरून वाहू लागली. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. चाळीस वर्षं लोणची घालणाऱ्या बाईला शिरक्यात आठव्या दिवशी बुरशी धरत नाही हे मी सांगायची गरज नव्हती.

"माझ्याही बरणीत आली आहे," काकू म्हणाल्या. "चांगली बोटभर."

त्यांची मोठी बरणी आदल्या दिवशी धुऊन गॅलरीत पालथी घातलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

मग त्यांनी कंबरेवर हात ठेवला, मान वर केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निळ्या खिडकीकडे बघत हाक मारली, "अहो आजगावकर! नासलं तुमचं लोणचं! दर शनिवारी ताजं आणून द्यायला काय होतं हो तुम्हाला?"

मी घागर भरून घरी आले. ह्यांनी विचारलं, खाली कसला आरडाओरडा? मी म्हटलं, काही नाही, आणि दार लावून मुळ्याने अजून पाऊण भरलेली माझी मोठी बरणी पिठाच्या डब्यामागे लपवली.