बाबी तांडेलाचा अर्धा सिनेमा

बाबी तांडेलाने लढाईचे इंग्रजी सिनेमे निदान चाळीस वेळा पाहिले असतील, पण त्यातल्या एकाचाही शेवट त्याला ठाऊक नव्हता. पडद्यावर शूर माणसांची टोळी जमायची, मोहिमेवर निघायची, पहिली गोळी सुटायची, आणि आमचा तांडेल उठून सरळ बाहेर. मग थेटरासमोरच्या चहाच्या दुकानात बसून तो माझी वाट बघे. शेजारची खुर्ची अशी ऐन रंगात रिकामी झाल्यावर माझंही लक्ष उडायचं, पण मी हट्टाने शेवटपर्यंत बसायचो.

मी कणकवलीकडचा, भातशेतीवाल्या घरातला. देवबागच्या शाळेत मास्तर म्हणून बदली झाली तेव्हा एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आपण, या कल्पनेनेच मला महिनाभर धड झोप लागली नाही. मला पोहता येत नाही हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बाबीने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "मास्तरानू," तो म्हणाला, "दारात बेलीफ इल्यासारखे तुमी पाण्याकडे बघतास."

बाबी गावच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि अख्ख्या गावाने दोन रांगांत उभं राहून ते ओढायचे, ही रापण. कोणी कुठे उभं राहायचं ते बाबी ठरवी. कोणाची कंबर दुखते आणि कोण नुसता ओढल्याचं सोंग करतो, हे त्याला पाठ होतं.

मासेमारी नसलेल्या रविवारी आम्ही दोघे वाळू तुडवत मालवणला दुपारच्या खेळाला जायचो. पत्र्याचं थेटर, आणि तेच चार-पाच सिनेमे दर वर्षी फिरून यायचे. प्रिंट इतकी झिजलेली की रखरखीत वाळवंटातल्या लढाईतही पडद्यावर धो धो पाऊस. इंग्रजी तर कोणाला कळत नसे. तरी थेटर भरायचं, आणि का भरायचं ते मला बाबीशेजारी बसून कळलं. शत्रूचं डोंगरावरचं बिनतारी ठाणं उडवायचं असतं, ते कोणाच्याही बापाला जमण्यासारखं नसतं, म्हणून मग माणसं गोळा करतात. एक तुरुंगातून काढलेला, एक दारुडा, एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे, एक चष्मेवाला प्रोफेसर. घरात ज्यांना कोणी विचारत नाही अशांनाच तिथे बोलावणं येतं! एकेक जण निवडला की थेटरात शिट्ट्या पडायच्या. बाबी मात्र मुलगी बघायला आलेल्या मामासारखा पुढे वाकून प्रत्येकाला नीट निरखायचा.

"टोळी जमली काय अर्धा काम झाला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. उरलेलं अर्धं बघायला तो थांबत नसे.

आणि गंमत म्हणजे गावाला संध्याकाळी संपूर्ण सिनेमा सांगायचा तो बाबीच. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करता करता तो गोष्ट लावायचा. बाया कामं टाकून यायच्या. त्याच्या गोष्टीत ठाणं उडायचंच, पण माणूस एकही मरत नसे. "मगे सातय जण घराक इले," तो सांगे. "आवशीन तिरफळां घालून बांगड्याचो तिखलो केल्यान. सगळे पोटभर जेवले." बर्फाच्या डोंगरातल्या त्या गोऱ्या आईने तिरफळं कुठून आणली, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे.

माझ्या मात्र आलं. मास्तरकी अंगात भिनली की चूक दिसली तिथे लाल रेघ मारल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाही. एका संध्याकाळी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तांडेल, सातातले पाच मरतात. दोघेच परत येतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

मग एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तरानू, तुमका नीज लागली असतली." सगळे हसले, पण बाबी हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. हातातलं जाळं तसंच वाळूत टाकून तो घरी गेला. पुढचे दोन रविवार तो मालवणला आला नाही. मी एकटाच गेलो, शेवटपर्यंत बसलो, आणि आपण खरं बोलून काय मिळवलं याचा विचार करत परत आलो. मला माझी लाज वाटत होती.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी अवेळीच वारा उठला आणि मुलं वर्गातून ओरडत बाहेर पळाली. कौलं भरलेला एक शिडाचा मालवाहू पडाव खाडीच्या तोंडाशी बुडीत वाळूवर चढून आडवा झाला होता. त्यावरचे सहा खलाशी डोलकाठीला बिलगले होते आणि लाटा त्यांच्या डोक्यावरून जात होत्या. अख्खा गाव किनाऱ्यावर उभा होता, पण पाण्यात पाऊल टाकायला कोणी धजत नव्हता.

बाबी आला. एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा माणसांकडे. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने टोळी जमवायला सुरुवात केली.

"दाजी. विठू."

हे सख्खे भाऊ, कुंपणावरून तीन वर्षं एकमेकांशी न बोललेले. "तांडेल, हे दोघे एका होडीत?" मी कुजबुजलो.

"एक हेवटेन, एक तेवटेन. एकमेकाक हरवच्यासाठी वल्हवतले," बाबी होडीच्या दोन्ही बाजूंकडे बोट दाखवत म्हणाला. "पांडू."

पांडू म्हणजे दारूबंदीचा कायदा देवबागपर्यंत पोचलेला नाही याचा चालताबोलता पुरावा. सकाळचे दहा वाजले होते आणि तो माडाला धरून उभा होता. मी काही बोलणार, तोच बाबी म्हणाला, "पाण्यात पडलो काय शुद्धीर येता तो. त्याच्यासारखो पोवणारो ह्या गावात दुसरो नाय." आणखी तिघे त्याने निवडले. सातवा तो स्वतः. रापणीचा दोर होडीला बांधला, दुसरं टोक गावाच्या हातात दिलं, आणि नेहमीसारख्या रांगा लावल्या. मी कुठे उभं राहू ते मला कळेना.

"मास्तरानू, तुमी मोजा," बाबी म्हणाला. "सात जातत. तेरा येवक होये."

होडी निघाली. लाटेआड गेली की मला काहीच दिसत नसे, वर आली की मी घाईघाईने डोकी मोजायचो, कधी सहा भरायची, कधी आठ. पडावाजवळ पांडू होडीचा दुसरा एक दोर कमरेला बांधून पाण्यात उतरला. खलाशी एकेक करून त्याच दोराला धरून होडीत आले. मग बाबीने डोक्यावरचा पंचा सोडून हवेत फिरवला. रांगा कामाला लागल्या. म्हातारी माणसं, बाया, माझी चौथीची मुलं, सगळ्यांनी बांगडे भरून फुटायला आलेलं जाळं ओढावं तशी ती होडी ओढली. लाटांवर आपटत, अर्धी पाण्याने भरून, ती वाळूला लागली.

मी डोकी मोजली. बारा.

पुन्हा मोजली. बाराच. माझ्या तोंडून आकडा बाहेर पडला मात्र, बाबी वळला आणि छातीभर पाण्यात शिरला. त्याचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. तेवढ्यात होडीच्या मागून, पाण्यातून, वैतागलेला आवाज आला.

"मी हंय आसंय रे. माका कोणी दोर सोड म्हणूक नाय."

होडीत जागा नव्हती म्हणून पांडू दोर कमरेला तसाच ठेवून मागे लोंबकळत आला होता. तेरा! मी ते इतक्या मोठ्याने ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. गावाने पांडूला खांद्यावर घेतलं. दाजी आणि विठू कोणाच्या वल्ह्यामुळे होडी वाचली यावरून भांडायला लागले, म्हणजे तीन वर्षांनी बोलायला लागले. बाबीने मात्र मला तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तेरा भरल्यावर तो ओल्या वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मी शेजारी बसलो. तेव्हा त्याने मला सांगितलं. महायुद्धात तो आगबोटीवर खलाशी होता. बोट भरसमुद्रात फुटली. "जीव वाचवच्या होडीत माणसां मोजूचा काम माझ्याकडे होता," तो म्हणाला. "आमी सहा जण एका ताटात जेवणारे. मोजलंय तर पाच कमी. परत मोजलंय. पाच कमीच. सिनेमात पयली गोळी सुटली काय माका ती मोजणी आठवता, मास्तरानू. म्हणान मी भायर येतंय."

पुढच्या रविवारी तो आपण होऊन मालवणला आला. तोच डोंगर, तेच ठाणं, तेच सात जण. पहिली गोळी सुटली, मी पाय आवरून त्याला जायला वाट केली. तो हलला नाही. पाचही जण मरेपर्यंत तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसला, आणि दिवे लागल्यावरच उठला.

परतीच्या वाटेवर सूर्य टेकला होता. बाबी वाळू तुडवत पुढे चालला होता. मग म्हणाला, "रघू. तोंडवलीचो." आणि थांबला.

त्याला काय हवं होतं ते मला कसं कळलं कोण जाणे. मी म्हणालो, "हजर."

"इस्माईल. रत्नागिरीचो."

"हजर."

"धाकू. गोविंद. सगळ्यात ल्हान, अंतोन."

हजर, हजर, हजर. वर्गात एका मुलाने दुसऱ्याच्या नावाला हजेरी दिली, तर मी त्याला दिवसभर बाकावर उभा करतो. त्या संध्याकाळी मी बोटीवरच्या त्या पाच जणांची दिली, आणि मला पुन्हा तशी द्यावी लागली तरी देईन.

"जमली टोळी," बाबी म्हणाला, आणि झपाझप पावलं टाकायला लागला. गावात लोक गोष्टीसाठी थांबले होते. त्याने ती सांगितली. सातही जण घरी आले, पोटभर जेवले, आणि शेवट काय झाला असं त्याच म्हातारीने मला मुद्दाम विचारलं तेव्हा मी सांगितलं, की तांडेल सांगतो तसाच आहे, मी डोळ्यांनी बघितलाय.