मोमीन सरांची थोरली आणि धाकटी

मोमीन सर रोज सकाळी अंगणातल्या आंब्यापुढे उभे राहून आधी थोरलीची चौकशी करतात, मग धाकटीची. नव्या माणसाला वाटतं, घरात दोन मुली आजारी असाव्यात. पण थोरली आणि धाकटी या बुरश्या आहेत. दोघी करप्याच्याच कुळातल्या, दोघी याच आंब्यावर जगणाऱ्या, आणि साध्या डोळ्यांना अगदी सारख्या: पानावर काळा डाग, बस्स.

सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा, घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. पहिल्या प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली दिसलं ते मी तासभर खपून काढलं. सर चित्र बघून म्हणाले, "बेटा, हा हवेचा बुडबुडा आहे. पण बुडबुडा इतका मन लावून आजवर कुणी काढला नव्हता." त्या एका वाक्यावर मी पदवीपर्यंत पोचलो. आज त्याच प्रयोगशाळेत सहायक आहे.

सर आता निवृत्त आहेत. दर रविवारी मी द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या घरी जाऊन पानांच्या स्लाइड करून देतो. तिथले नियम कडक. पानावर रोग पडलाय असं म्हणायचं नाही. मुक्काम पडलाय म्हणायचं. दिंडोरीचा एक द्राक्षवाला जुना विद्यार्थी एकदा मोठ्या प्रेमाने फवारणीचा पंप घेऊन आला. सरांनी त्याला दोनदा चहा पाजला, पंप मात्र फाटकाबाहेर ठेवायला लावला.

सरांचा प्रश्न एकच. झाड एक, खाणं एक, आणि दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. खरं तर एकीने दुसरीला कधीच हुसकून लावायला हवं होतं. मग दोघी नांदतात कशा?

"भांडत असतील," मी एकदा म्हणालो.

"भांडायला भेटावं लागतं," सर म्हणाले.

वरच्या मजल्यावर सरांचे धाकटे भाऊ रशीदचाचा राहतात. त्यांचं टायरचं दुकान आहे. वडिलांच्या घराची वाटणी होताना शब्दाने शब्द वाढला आणि दोघा भावांचं बोलणं थांबलं. आंबा तेवढा सामाईक राहिला. चाचांना तो काढून तिथे टेम्पो लावायचा आहे. सरांनी माझ्याकरवी मुदत मागितली: प्रश्न सुटला की खुशाल तोडा. चाचांनी माझ्याकरवीच ती दिली.

तेव्हापासून मी निरोप्या. दोघे चार हातांवर उभे असतात. सर मला म्हणतात, "त्याला सांग, गळलेली पानं झाडू नकोस." चाचा मला म्हणतात, "त्यांना सांग, ऐकू आलं." तरीही मी मध्ये उभा राहून सगळं पुन्हा सांगतो. न सांगितलं तर दोघेही तसेच थांबून राहतात.

गेल्या रविवारी काचपट्ट्या शोधताना कपाटात एक जुनी वही सापडली. सरांच्या टपोऱ्या अक्षरात सगळं उत्तर लिहिलेलं होतं. थोरली लवकर येते, कोवळी पालवी धरते. धाकटी मागाहून येते, जून पानं आणि वाळके शेंडे घेते. वेळ वेगळी, जागा वेगळी, म्हणून दोघींचं निभतं. वही तीन वर्षांपूर्वीची होती. म्हणजे तीन वर्षं मी सुटलेल्या प्रश्नाच्या स्लाइड करत होतो. मान वर केली तर सर माझ्या हातातल्या वहीकडेच बघत होते. चष्मा काढून पुसत राहिले.

तेवढ्यात चाचांनी मला वर बोलावलं. झाड तोडणारा उद्या मोकळा आहे म्हणाले.

"तुझ्या सरांचं झालं का? हो की नाही, एवढंच सांग."

निरीक्षणात खोटं लिहायचं नाही, हे मला सरांनीच शिकवलेलं. मी म्हणालो, "नाही चाचा. अजून एक हंगाम लागेल."

चाचांनी तिथूनच झाड तोडणाऱ्याला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं.

खाली आलो तर सर जिन्यापाशीच उभे होते. आता झाडाचं विचारतील म्हणून मी तयारीत होतो.

"बोलताना त्याला दम लागत होता का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"आणि गुडघा? बसून बोलला की उभा होता?"

"उभे होते."

"मग बरं आहे," सर म्हणाले.